मालवणची ट्राय डाइव्ह आणि हॅवलॉकचा कोर्स: खानदेशातून जाणाऱ्यानं पैसे कशावर घालावेत

जळगाव-धुळ्याकडून पहिल्यांदा स्कूबाला निघणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा उलटा बसतो. अंदमानच्या विमानाला माणशी वीस-पंचवीस हजार मोजायचे आणि तिथे अर्ध्या तासाची ट्राय डाइव्ह, म्हणजे कोर्स न करता प्रशिक्षकासोबत एकदा पाण्याखाली उतरून बघणं, एवढीच करून परत यायचं. ट्राय डाइव्ह मालवणलाच करावी. कान साथ देतात का आणि पाण्याखाली जीव घाबरा होतो का, एवढंच त्यात कळायला हवं, आणि ते चार-पाच मीटर खोलीवरही कळतं. अंदमानचं भाडं घालायचंच असेल तर सर्टिफिकेटच्या कोर्ससाठी घाला.

मालवणला जायला निजामुद्दीन-एर्नाकुलम मंगला एक्सप्रेस सोयीची. ती भुसावळ, जळगावहून नाशिक, पनवेलमार्गे कोकण रेल्वेला लागते, त्यामुळे मुंबईत गाडी बदलावी लागत नाही. उतरायला कुडाळ जवळ. थांबा तिकीट काढतानाच बघून घ्या. फ्लाय९१ची जळगाव-गोवा विमानसेवा २०२४ मध्ये सुरू झाली. मोपाच्या विमानतळावरून मालवण टॅक्सीनं दोनेक तासांत येतं, पण विमानाचे वार बदलतात. आधी वार बघा, मग रजा टाका.

मालवण-तारकर्लीच्या सेवेबद्दल स्पष्ट सांगायचं तर दर उत्तम, पाणी मध्यम, आणि वागणूक बोटीगणिक वेगळी. किनाऱ्यावर स्कूबा, पॅरासेलिंग आणि बनाना राइड एकत्र बांधलेलं पॅकेज सगळ्यात स्वस्त पडतं. ते घेऊ नका. बोटीवर गर्दी, प्रत्येकाला मोजकी मिनिटं, आणि त्यातला निम्मा वेळ फोटोत. फक्त स्कूबाचे पैसे भरा आणि आधी तीन गोष्टी विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण, खाली प्रत्यक्ष किती मिनिटं, आणि उतरण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात सराव करून घेणार का. सराव नाही म्हणाले तर पुढचा माणूस गाठा. एमटीडीसीच्या तारकर्लीच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी बांधलेला खोल तलाव आहे. थोडे जास्त पैसे गेले तरी भित्र्या माणसासाठी तीच जागा बरी.

मालवणला पाणी गढूळ असण्याचं एक कारण म्हणजे भरती-ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात आत-बाहेर होतं आणि तळाची वाळू उचलली जाते. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, भरतीत पाणी शांत असतं. कॅलेंडरात तिथी बघून बुकिंग करणं फुकट आहे, आणि फरक डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात हे सगळं बंद. हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे बरेच जण पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. छाती भरून श्वास घ्यायचा, तो कोंडायचा आणि सूर मारायचा, ही सवय अंगात मुरलेली असते. स्कूबात हीच सवय जिवावर बेतते. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब धरून एकूण दाब वरच्या दुप्पट असतो. तिथे रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा देणारं, तोंडात धरायचं साधन) भरून घेतलेली हवा कोंडून वर आलात तर ती फुगून दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं. दुसरी अडचण नाकाची. मास्कमध्ये नाक बंद असतं, आणि नाकात थेंबभर पाणी गेलं की नवखा माणूस मास्कच उपटतो. यावर निघण्याआधीच करता येणारा उपाय आहे: साधा स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) घ्या, तरणतलावाच्या उथळ भागात मास्क न लावता तोंड बुडवा आणि पाच मिनिटं फक्त तोंडानं श्वास घ्या. हे जमलं की मास्कमधलं पाणी काढणं सोपं जातं: डोकं किंचित वर, मास्कची वरची कड बोटांनी दाबायची आणि नाकानं लांब श्वास सोडायचा.

कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दुखतात, कारण दाबातला प्रमाणशीर बदल तिथे सगळ्यात मोठा असतो. नाक चिमटीत धरून हलकं फुंकायचं, दर अर्ध्या मीटरला, दुखायची वाट न बघता. दुखलंच तर थोडं वर या आणि पुन्हा फुंका. जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द करा. गोळी घेऊन उतरलात आणि खाली असताना तिचा असर संपला तर वर येताना कानात हवा कोंडते. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन किंवा गर्भारपण असेल तर आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा.

बोटीवर दोन गोष्टी स्वतः तपासा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकानं श्वास ओढा. चिकटून राहिला तर मापाचा. मिशीमुळे गळत असेल तर नाकाखालची बारीक पट्टी काढली की पुरतं. आणि रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घेताना प्रेशर गेजच्या काट्याकडे बघा. भरलेला सिलिंडर साधारण २०० बार दाखवतो. श्वासागणिक काटा खाली झुकत असेल तर सिलिंडरची चावी पुरती उघडलेली नाही, लगेच सांगा.

मालवणला मन बसलं की मग हॅवलॉक, म्हणजे अंदमानातलं आताचं स्वराज द्वीप. तिथली पाण्याची स्वच्छता आणि शिकवण्याची शिस्त दोन्ही पैसे वसूल करतात. ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या सर्टिफिकेटचा कोर्स तीन-चार दिवसांचा, समुद्रात चार डाइव्ह, १८ मीटरपर्यंतची परवानगी. सुरुवातीला २०० मीटर पोहून आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. वेळेची शर्यत नसते. फी तीस हजारांच्या आसपास, त्यात सगळं साहित्य येतं. तेव्हा घरून मास्क सोडून काही विकत घेऊ नका. पाणी उबदार, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. थिअरी ऑनलाइन घरीच संपवून जा, राहण्याचा एक दिवस वाचतो. नियमानं एका प्रशिक्षकामागे आठ जण चालतात. चारच्या वर असतील तर दुसरं केंद्र बघा. पहिल्या डाइव्हसाठी निमो रीफ योग्य, किनाऱ्यावरूनच चालत उतरता येतं. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, कापूस घरात आल्यावर निघायलाही तोच काळ बरा. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचं पाणी मालवणपेक्षा स्वच्छ, पण बोटीचा प्रवास लांब आणि उलट्यांचा. लक्षद्वीपला परवाना लागतो आणि खर्च चढतो; नवख्यानं तो विचार पुढे ढकलावा.

प्रवास विमा काढताना स्कूबा वगळलेलं नाही ना, हे वाचून घ्या. साध्या पॉलिसीत बहुधा वगळलेलं असतं.

परतीचं तिकीट डाइव्हच्या तारखा ठरल्यावरच काढा. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसायचं नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. हॅवलॉकहून फेरीनं श्रीविजयपुरमला (पूर्वीचं पोर्ट ब्लेअर) येऊन एक रात्र काढा, सेल्युलर जेल तेव्हाच बघून होतं. मालवणहून स्वतःच्या गाडीनं कोल्हापूरमार्गे परतणाऱ्यांनाही हा नियम लागू. आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे, आणि ६०० मीटरच्या वर चढणं विमानासारखंच धरतात. सकाळी डाइव्ह करून त्याच संध्याकाळी घाट चढू नका. मुक्काम मालवणला करा आणि दुसऱ्या दिवशी निघा.