प्रवासाचं क्रेडिट कार्ड, बरेच महिने वापरून: पॉइंट येतात, पण 'दोन टक्के' आधी जातात

गेल्या दिवाळीच्या तोंडावर एका बँकेचं प्रवासासाठीचं क्रेडिट कार्ड घेतलं. वार्षिक फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये. कार्ड गळ्यात मारणाऱ्या मुलाने पॉइंट, विमानतळावरचा लाउंज, कमी फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो आकार) सगळं पाठ म्हणून दाखवलं. सरचार्जचं, म्हणजे कार्डाने पैसे भरले म्हणून वर लागणाऱ्या आकाराचं, नाव त्याने काढलं नाही, आणि त्याचा तो विषयही नव्हे, कारण सरचार्ज बँक नाही, समोरचा विक्रेता लावतो. पण सुट्टीच्या खर्चात हे कार्ड परवडतं की नाही, ते तिथेच ठरतं.

सगळ्यात मोठी रक्कम केरळच्या पॅकेजची होती. पुण्यात टिळक रस्त्यालगतचं एक टूर ऑफिस, सासू-सासरे धरून आम्ही सहा जण, सगळं मिळून २,४०,००० रुपये. मी कार्ड पुढे केलं तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, कार्डला दोन टक्के एक्स्ट्रा, प्लस जीएसटी." दाराच्या काचेवर सगळ्या कार्डांचे स्टिकर ओळीने लावलेले, पण दोन टक्क्यांचा उल्लेख ना काचेवर, ना कोटेशनमध्ये. तिथेच मोबाइलवर हिशेब केला. ४,८०० अधिक ८६४, म्हणजे ५,६६४ रुपये. याच रकमेवर माझ्या कार्डाचे पॉइंट रुपयांत मोडले तर जेमतेम तीन हजार होतात. म्हणजे तीन हजारांचे पॉइंट मी साडेपाच हजारांना विकत घ्यायचे!

"मग डेबिट कार्ड?" मी विचारलं. "त्यालाही तेवढेच," ती म्हणाली.

इथे मात्र मी हटून बसले. डेबिट कार्डावर दुकानदाराने बँकेला किती द्यायचं, त्यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली आहे. १ जानेवारी २०१८ पासून मोठ्या व्यापाऱ्याला जास्तीत जास्त ०.९० टक्के, आणि व्यवहार कितीही मोठा असला तरी १,००० रुपयांच्या वर नाही. तो बोजा गिऱ्हाइकावर टाकला जाणार नाही, हे बघायला त्याच परिपत्रकात बँकांना सांगितलंय. माझं डेबिट कार्ड रुपेचं. त्यावर आणि यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला काहीच द्यावं लागत नाही. मग दोन टक्के कसले? आतून मालक आले, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं बरं, डेबिटला नका देऊ काही." इतक्या चटकन मान्य केलं की त्यांना हे आधीपासून माहीत असावं, अशी मला दाट शंका आहे.

क्रेडिट कार्डाचं तसं नाही. त्यावर अशी सरकारी मर्यादा नाही. व्यापारी आणि त्याची बँक यांच्यात ठरेल तो दर, बहुतेकदा दीड ते अडीच टक्क्यांच्या घरात. टूरवाल्यांचं मार्जिन बघता त्यांनी तो सोसावा, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार एवढीच की तो आकडा कोटेशनवर लिहा, पेन उघडल्यावर सांगू नका. ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून साध्या ग्राहकाच्या कार्डावर सरचार्ज लावायलाच बंदी आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष खर्च येतो त्याहून जास्त सरचार्ज लावायला २०१६-१७ मध्येच बंदी आली. आपल्याकडे टिळक रस्त्यावर वाद घालावा लागतो.

शेवटी पैसे डेबिट कार्डाने भरले. ॲपमध्ये जाऊन दिवसाची मर्यादा आधी वाढवावी लागली, तेवढा वेळ काउंटरवरची मुलगी छताकडे बघत होती. सप्टेंबर २०२५ पासून प्रवासखर्चाला यूपीआयची मर्यादा एका व्यवहाराला ५ लाखांपर्यंत नेली आहे, पण त्या ऑफिसच्या क्यूआरवर लाखाच्या वरची रक्कम जात नव्हती. नेटबँकिंगवरून एनईएफटी केलं असतं तरी बचत खात्याला शुल्क नाही.

विमानाच्या तिकिटांचं गणित उलटं निघालं आणि कार्डाने पहिल्यांदा काम केलं ते इथे. मी बघितलेल्या साइटवर कन्व्हिनियन्स फी माणशी आणि प्रत्येक बाजूची वेगळी, साडेतीनशेच्या आसपास. चौघांच्या जाण्यायेण्याचे २,८०० झाले. संताप येतो, पण ही फी पैसे कसेही भरले तरी तेवढीच होती. मग क्रेडिट कार्डच वापरायचं, निदान पॉइंट तरी मिळतात. ही फी पहिल्या पानावर न दाखवता शेवटच्या पानावर उगवते. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या साइटवरच्या युक्त्यांविरुद्ध, जे नियम काढले त्यात हा 'ड्रिप प्रायसिंग'चा प्रकार नावानिशी आहे. विमा आपोआप टिक केलेला असणं, हाही त्यातलाच. ग्राहक हेल्पलाइन १९१५.

रेल्वेत मला कार्डाचं काही कौतुक नाही. आयआरसीटीसीवर एसी तिकिटाला ३० रुपये अधिक जीएसटी, यूपीआयने भरलं तर २०. नॉन-एसीला १५ आणि १०. हे माणशी नाही, तिकिटामागे, त्यामुळे सहा जणांचं एक तिकीट काढलं तरी तेवढेच. क्रेडिट कार्डावर मात्र गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या कंपनीचा, आकार टक्क्यांत वर लागतो. यूपीआय करा आणि मोकळे व्हा.

परदेशी हॉटेलसाठी हे कार्ड घेतलं होतं आणि तिथे ते खरं उतरलं. थायलंडच्या हॉटेलांचं बिल साधारण ६०,००० रुपये. नवऱ्याच्या जुन्या कार्डाला मार्कअप साडेतीन टक्के आणि त्या मार्कअपवर जीएसटी, म्हणजे २,४७८ रुपये झाले असते. माझ्या कार्डाचा दोन टक्के, म्हणून १,४१६ लागले. स्टेटमेंटमध्ये व्यवहाराखाली मार्कअपची एक ओळ, तिच्याखाली जीएसटीची दुसरी. एकच जपायचं: साइट किंवा हॉटेलचं मशीन "रुपयांत भरणार का?" असं विचारतं तेव्हा नाही म्हणायचं. रुपयांत भरलं की त्यांचा स्वतःचा चढा दर लागतो, आणि काही बँका परदेशी विक्रेत्याला रुपयांत पैसे दिले तरी वर त्यांचा आकार घेतातच. बँकॉकच्या रिसेप्शनवरच्या मुलाने मला न विचारता रुपये निवडले होते. पावतीवर बाहतऐवजी रुपये दिसले तसं सही करायच्या आधी रद्द करून पुन्हा स्वाइप करायला लावलं.

बुकिंग रद्द झालं तर काय होतं, हे कार्ड घेताना कोणी विचारत नाही, ते विचारा. आमचं एक विमान तिकीट रद्द करावं लागलं. भाड्यातले नियमाप्रमाणे कापून उरलेले पैसे आले, कन्व्हिनियन्स फी आली नाही, आणि बँकेने त्या व्यवहाराचे पॉइंट मात्र इमानेइतबारे परत काढून घेतले.

पॉइंट वापरणं हाही एक उद्योगच. बँकेच्या स्वतःच्या पोर्टलवर मोडले तर किंमत बरी मिळते, पण तिथे पुणे-कोची तिकीट विमान कंपनीच्या साइटपेक्षा काहीशे रुपयांनी महाग दिसत होतं. व्हाउचर घ्यायचं तर रिडम्प्शन फी, म्हणजे पॉइंट मोडायचीच फी, ९९ अधिक जीएसटी. नो-कॉस्ट ईएमआयचा, म्हणजे 'बिनव्याजी' म्हणवणाऱ्या हप्त्यांचा, मोह झाला होता, पण प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो हे वाचून सोडून दिला.

कोकणात तर हे कार्ड पाकिटातून बाहेरच आलं नाही. तारकर्लीच्या होमस्टेचे काका फोनवर म्हणाले, "कार्डबिर्ड आमच्याकडे नाय, ॲडव्हान्स जीपे करा." केला. सरचार्ज शून्य. पण काही बिनसलं असतं तर त्या ॲडव्हान्ससाठी मी कोणाच्या दारात गेले असते? क्रेडिट कार्डाची जमेची बाजू ही आहे. एका हॉटेल साइटने माझ्याकडून दोनदा पैसे कापले, तेव्हा त्यांचा चॅटबॉट आठवडाभर माफी मागत बसला. बँकेकडे डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहाराविरुद्ध तक्रार, नोंदवला, दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट जोडले आणि दुसरी रक्कम परत आली. खातं रिकामं न होता हे झालं, कारण बिल भरायची तारीख अजून लांब होती.

वर्षातून एकदा तरी परदेशात जाणाऱ्यांनी, आणि विमानाची तिकिटं स्वतः काढणाऱ्यांनी असं कार्ड जरूर घ्यावं. टूर ऑफिसमधून पॅकेज घेणाऱ्यांनी, कोकण-महाबळेश्वर करणाऱ्यांनी ३,५४० रुपये घरातच ठेवावेत. माझी फी आता पुन्हा लागणार आहे. कस्टमर केअरला सांगितलंय, माफ करा नाहीतर कार्ड बंद करते. "मॅडम, मी सीनियरशी बोलून कॉल बॅक करतो" इथपर्यंत गाडी आली आहे.