संस्था पालकांची बरी की पगारी माणसांची? नागपुरातल्या एका बापाचा अनुभव

विशेष मुलासाठी संस्था शोधायला निघालं की थेरपीची खोली, बस, फी, एका शिक्षिकेमागे किती मुलं, हे सगळं आपण विचारतोच. तुम्हीही विचारलं असेल, म्हणून त्यात शिरत नाही. मी लिहितोय ते संस्था चालवणाऱ्या माणसांबद्दल. आमचा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि दोन संस्थांत मिळून आमची साडेतीन वर्षं गेली. नावं लिहीत नाही, नागपूर काही एवढं मोठं गाव नाही.

पहिली संस्था पालकांनीच काढलेली. अध्यक्षा स्वतः आई, सचिव एका मुलीचे वडील, हिशेब बघायला कुणाचे तरी बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. दुसरीत विश्वस्त म्हणून डॉक्टर, सीए, एक व्यापारी, आणि रोजचा कारभार पगारी संचालिकेकडे. त्या विशेष शिक्षण शिकलेल्या, पण त्यांच्या घरी असं मूल नाही. सुरुवातीला मला हीच त्यांची उणीव वाटली होती.

पालकांच्या संस्थेत पहिल्या दिवशी कोणी फाइल मागितली नाही. अध्यक्षाबाईंनी चहा दिला आणि बायकोला विचारलं, "झोपतो का गं रात्री?" चार वर्षांत हा प्रश्न एकाही डॉक्टरने विचारला नव्हता. कागदपत्रांतही ही मंडळी पटाईत. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रासाठी, मेडिकल कॉलेजला कुठल्या वारी जायचं, सोबत काय न्यायचं, हे त्यांना तोंडपाठ. निरामय या अपंगांसाठीच्या आरोग्य विम्याचा अर्ज सचिवांनी समोर बसवून भरून घेतला. एक लाखापर्यंतचं कवच आहे आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. मूल अठरा वर्षांचं झालं की आईबापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, हेही तिथेच कळलं. 'आपल्यामागे याचं काय?' हा प्रश्न ज्याच्या घरात रोज असतो, त्याला हे माहीत असणारच.

आणि तान्हा पोळा! अंगणात पंधरा-वीस लाकडी नंदी, मुलं नटलेली, प्रत्येकाला बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे. आमच्या पोराने नंदीची चाकं तासभर फिरवली, नंदी काही पुढे नेला नाही, आणि कोणी त्याला 'असं नाही, असं' म्हटलं नाही. दुसऱ्या संस्थेत तान्ह्या पोळ्याआधी घरी सूचनापत्र आलं, सही करून परत मागितलं. नंदी वर्गातच फिरले, अर्ध्या तासात आटोपलं.

इथपर्यंत वाचून तुम्ही पहिल्या संस्थेकडे झुकला असाल. मीही झुकलो होतो, दोन वर्षं.

माझं गाडं अडलं ते शर्टाच्या बटणांवर. मुलाच्या आयईपीत, म्हणजे वर्षभराच्या आराखड्यात, 'स्वतः बटणं लावेल' असं लिहिलं होतं. वर्ष सरलं, बटणं होती तिथेच. दुसऱ्या वर्षीच्या आराखड्यात तीच ओळ, तारीख तेवढी नवी. मी अध्यक्षाबाईंकडे गेलो. भांडायला नाही, विचारायला. त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, माझा चोवीसचा आहे. त्याची बटणं अजून मीच लावते."

आता यावर काय बोलणार? मी मान खाली घालून घरी आलो.

पुढेही तसंच झालं. फिजिओच्या बाई महिनाभर आल्या नाहीत, विचारलं तर अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी तर कोणीच नव्हतं हो." त्यात खोटं काहीच नव्हतं, त्या माणसं म्हणून सोन्यासारख्या. पण ज्यांचं दुःख आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी जुनं आहे, त्यांच्यापुढे तक्रार तोंडातून निघत नाही. मला तर आपण काहीतरी जास्तीचं मागतोय असंच वाटायला लागलं होतं. शिवाय चालवणाऱ्यांची मुलं मोठी झाली की संस्थेचं लक्षही मोठ्यांकडे वळतं. कागदी पिशव्यांचा विभाग, मेणबत्त्या, पुढच्या वसतिगृहाच्या जागेची चर्चा. गरजेचंच आहे सगळं. आमच्या वयाच्या मुलांची खोली मात्र दुपारी रिकामी दिसायची.

दुसऱ्या संस्थेतही डोक्याला ताप आहेच. तिथल्या शिक्षिका बदलत राहतात आणि दर नव्या बाईंना 'जन्मल्यावर लगेच रडला होता का' इथपासून सांगावं लागतं. विश्वस्त वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला दिसतात. दात्यांचे फोटो भिंतीवर जरा जास्तच. आणि कोणी चहा विचारत नाही.

पण संचालिकाबाई बुधवारी अकरा ते एक पालकांसाठी बसतात म्हणजे बसतात, मे महिन्यातल्या उन्हातसुद्धा. बटणांची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी 'हो का' एवढंच म्हटलं आणि शिक्षिकेला बोलावून माझ्यासमोर विचारलं, "कोणत्या पायरीला अडतं?" ते कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. मग त्यांनी उलटीकडून सुरुवात करायला लावली. बटण काजातून अर्धं बाहेर काढून आपण द्यायचं, मुलाने फक्त ओढायचं. ते जमलं की काजात घालणंही हळूहळू त्याच्यावर सोपवायचं. तीन महिन्यांनी कागद पुन्हा टेबलावर. तेव्हाही पूर्ण जमलं नव्हतं, पण का जमलं नाही ते लिहिलेलं होतं. मला तेवढं पुरलं. त्यांच्याशी मी वाद घालू शकतो, एकदा आवाजही चढवला होता, आणि पुढच्या बुधवारी दोघंही काही झालं नाही असे बसलो.

तुमचं मूल सोळा-सतराचं असेल, किंवा डॉक्टरांनी निदान नुकतंच सांगितलं असेल आणि घरात कोणी कोणाशी बोलत नसेल, तर कदाचित पालकांचीच संस्था बरी. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी, माझ्यापुरतं तरी, ज्यांना जाब विचारता येतो अशी माणसं मला जास्त उपयोगी पडली. प्रत्येक पालकसंस्था अशीच असेल असं नाही, आणि पगारी संचालक बदलला की आमचीही बाजू उलटू शकते.

कुठेही गेलात तरी दोन गोष्टी बघाच. शिकवणाऱ्यांकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी परिषदेचा, नोंदणी क्रमांक आहे का. आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीतले विश्वस्त आणि प्रत्यक्ष खुर्चीत बसलेले विश्वस्त एकच आहेत का. बदल झाला की ९० दिवसांत कळवावा लागतो. पहिल्या संस्थेत नोंदीतले दोघं कधीच वारले होते. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त अर्ज करायला वेळ कोणाला होता?

बायको अजून पहिल्या संस्थेच्या रविवारच्या बैठकीला जाते. ते काही सोडवत नाही. मागच्या महिन्यात तिने तिथे सहज सांगितलं, की पोरगा आता खालची तीन बटणं स्वतः लावतो. अध्यक्षाबाई काही बोलल्या नाहीत. निघताना फाटकापाशी आल्या आणि हळूच विचारलं, "पहिले कोणतं बटण घेतलं होतं गं?"