ई-कोर्ट्स अ‍ॅप: पोलिसांनी खोटं गोवलंय असं वाटत असेल तर किती कामाचं?

ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी अ‍ॅप फुकट आहे, लॉगिन मागत नाही आणि 'पुढची तारीख कधी' एवढंच पाहायचं असेल तर त्याला तोड नाही. इथे ते वेगळ्या कसोटीला लावलंय: नाशिकमध्ये कुणाला अटक झाली आणि तपासात लबाडी झाल्याचा घरच्यांना संशय असेल, तर अ‍ॅपवरून त्या लबाडीचा माग लागतो का? तारखांपुरता लागतो. कागदांसाठी न्यायालयातल्या नक्कल विभागाची (प्रमाणित प्रती देणाऱ्या) खिडकी चुकत नाही.

शोध नावाने घेऊ नका, एकाच नावाची डझनभर माणसं निघतात. 'केस स्टेटस'मध्ये एफआयआर नंबरचा पर्याय आहे: पोलीस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष. बहुतेक जण त्याच्या आधीच्याच पायरीवर अडकतात. नाशिक, नाशिकरोड, मालेगाव, निफाड अशी न्यायालयं वेगवेगळी निवडावी लागतात. चुकीचं निवडलं की 'रेकॉर्ड सापडलं नाही' एवढंच दिसतं. भद्रकाली, पंचवटी, अंबड ही ठाणी शहर आयुक्तालयाची, तालुक्यांतली ग्रामीण पोलिसांची, हेही ध्यानात ठेवा. एकदा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, मिळाला की तो लिहून ठेवा. मात्र तालुका न्यायालयातून खटला सेशनला कमिट झाला, म्हणजे सत्र न्यायालयाकडे सोपवला गेला, की सीएनआर बदलतो आणि जुना नंबर 'निकाली' दाखवतो. तेवढ्यावरून सुटका झाली असं समजू नका.

अ‍ॅपची सगळ्यात मोठी उणीव अशी की आरोपपत्र दाखल होईपर्यंत त्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. रिमांडच्या कागदांना खटल्याचा नंबर नसतो. आणि जे काही बिघडतं ते बहुधा याच काळात: अटकेची वेळ पुढे ढकलणं, पीसीआरमध्ये (पोलीस कोठडीत) मारहाण, आधीच ठरलेल्या जागेवरून 'निवेदन पंचनामा' करून, म्हणजे आरोपीनेच जागा सांगितली असं दाखवून, वस्तू काढणं. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण तिच्यातून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. खोट्या जप्तीचा मोह तिथेच पडतो.

त्यामुळे सुरुवात महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर यायला हवी. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं वगळून. तिच्यात घटनेची वेळ, ठाण्यात खबर मिळाल्याची वेळ आणि स्टेशन डायरीची नोंद असते. शेजारी अटक पंचनाम्यावरची वेळ ठेवा. सोमवारी रात्री उचललेल्या माणसाची अटक बुधवारी सकाळी दाखवली असेल, तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याची अट कागदावर पाळलेली दिसते, प्रत्यक्षात ती मोडलेली असते. हे सिद्ध होतं ठाण्यातल्या सीसीटीव्हीवरून. डिसेंबर २०२० च्या निकालाने कोठडी, व्हरांडा, प्रवेशद्वार अशा सगळीकडे कॅमेरे आणि अठरा महिन्यांचा साठा बंधनकारक केलाय. तेवढी साठवण उपलब्ध नसेल तरी एक वर्षाखाली नाही. चित्रण जपून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्याच रिमांडला द्या. नंतर 'फुटेज उपलब्ध नाही' हे उत्तर ठरलेलं.

या आंधळ्या काळातही अ‍ॅपची एक खिडकी उघडी असते: जामीन अर्ज. त्याला स्वतंत्र नंबर पडतो आणि आदेशाची पीडीएफ चढते. सरकार पक्षाची कहाणी सलग वाचायला मिळते ती बहुधा त्या आदेशात. सहआरोपीच्या जामिनाचा आदेशही उतरवून घ्या. दोन आदेशांत जप्तीची जागा किंवा वेळ वेगळी निघाली, तर उलटतपासाचा मुद्दा हाती लागला.

डिफॉल्ट जामिनासाठी, म्हणजे आरोपपत्र मुदतीत आलं नाही तर मिळणाऱ्या जामिनासाठी, मात्र अ‍ॅपवर विसंबू नका. मुदत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवसही धरायचा. आरोपपत्र येण्याआधी अर्ज पडला नाही तर हक्क गेला. आरोपपत्राची नोंद अ‍ॅपवर दिसायला वेळ लागू शकतो, म्हणून मुदत संपताच न्यायालयातच विचारून अर्ज द्यावा.

आरोपपत्रानंतर अ‍ॅप खरं कामाला येतं. तारखेवर बोट ठेवलं की त्या दिवसाचं कामकाज, म्हणजे थोडक्यात रोजनामा उघडतो. पंच गैरहजर, तपास अधिकारी गैरहजर, मुद्देमाल आणला नाही, या नोंदी ओळीने वाचल्या की खटला कुणामुळे रखडला ते कळतं. साक्षीदारांच्या जबान्या मात्र सहसा तिथे नसतात. त्यांची नक्कलच काढावी लागते. आरोपपत्राचे कागद आरोपीला मोफत मिळतात, हजर झाल्यापासून चौदा दिवसांत. १ जुलै २०२४ नंतरच्या झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे. ते आणि त्याचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. मुद्देमालाच्या तीन तारखा जुळवा: सील केल्याची, प्रयोगशाळेला पाठवल्याची आणि सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टवरची पोचल्याची. मधल्या दिवसांत वस्तू कुणाच्या ताब्यात होती, याचं उत्तर नसेल तर रिपोर्टचं वजन कमी होतं.

सराईत पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यांवर पुन्हा पुन्हा सही करणारा साक्षीदार, पकडायला अ‍ॅप कुचकामी आहे. पंच पक्षकार नसतो, त्यामुळे नावाने सापडत नाही, आणि निकालांच्या मजकुरात शोध घेण्याची सोय नाही. ही एक सोय दिली असती तरी बचावाच्या वकिलांची मोठी मेहनत वाचली असती.

कागद किती महत्त्वाचा, हे भोकरदनच्या २००३ च्या दरोडा-खून प्रकरणात दिसतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सहाही जणांची फाशी ठरवली आणि २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देऊन. प्रत्यक्षदर्शी बाईंनी सुरुवातीलाच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही. असा कागद कुठल्याच अ‍ॅपवर चढत नाही. आपल्याच जिल्ह्यात, २००६ च्या मालेगाव स्फोटात एटीएसने पकडलेल्यांना आरोपमुक्त व्हायला २०१६ उजाडलं.

एक तक्रार सुटलेल्यांच्या वतीने. निर्दोष सुटल्यावरही नावाने शोधलं की खटला दिसतो, आणि घरमालक किंवा नोकरी देणारा निकालाच्या रकान्यापर्यंत वाचेलच असं नाही. निकालाची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी.

वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. जाताना एफआयआर, अटक पंचनामा, जामिनाचे आदेश आणि सीएनआर सोबत न्या. 'माय केसेस'मधली यादी फक्त त्या फोनमध्ये राहते, म्हणून ती एक्स्पोर्ट करून घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरही घ्या. पहिला फोन तपासात जप्त झाला तरी तारखा हाताशी राहतील.