हॅम्पडेनचे चरित्र आणि औरंगपुऱ्यातील जुन्या पुस्तकांचे दुकान

परभणीच्या महाविद्यालयात मी इंग्लंडचा इतिहास शिकवतो. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्या संघर्षातील जॉन हॅम्पडेन पाठ्यपुस्तकात दोन ओळींत आटोपतो, म्हणून त्याचे सविस्तर इंग्रजी चरित्र शोधत मी छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातील जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात गेलो. दुकानदारांनी वहीत नाव टिपून घेतले आणि तीन आठवड्यांनी फोन केला.

पुस्तक हातात देण्याआधी ते स्वतःहून म्हणाले, "सर, मागची शिवण उसवली आहे, पाने मोजून घ्या." मोजली, एकही गहाळ नव्हते. पहिल्या पानावर पेन्सिलीने ३५० रुपये लिहिलेले होते. तेवढ्यातच त्यांनी बाइंडरकडून नवी शिवण घालून दिली. मूळ कापडी पुठ्ठा त्यांनी बदलू दिला नाही, हे मला विशेष आवडले. कपाटांची मांडणी मात्र सुधारायला हवी. इतिहासाची पुस्तके स्पर्धा परीक्षांच्या गाइडांखाली दबलेली आहेत, आणि उभ्याउभ्याच चाळावी लागतात.

ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक घेतले, ते जहाजकराच्या खटल्याचे. आरमारासाठी हा कर पूर्वी किनाऱ्यावरच्या प्रदेशांकडून घेतला जाई. चार्ल्सने पार्लमेंटला न विचारता तो आतल्या परगण्यांवरही लादला. हॅम्पडेनच्या बकिंगहॅमशायर परगण्याला समुद्र नाही, जसा आपल्या मराठवाड्यालाही नाही, त्यामुळे हिंगोलीच्या शेतकऱ्याकडे जहाजांचे पैसे मागावेत तशी ही मागणी होती. हॅम्पडेनच्या एका जमिनीवरची आकारणी अवघी २० शिलिंग होती. हा गडगंज जमीनदार ती सहज भरू शकला असता, पण पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नाही, एवढ्यासाठी तो न्यायालयात उभा राहिला. १६३८ मध्ये १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले आणि तो खटला हरला. तरीही पाच न्यायाधीशांनी राजाविरुद्ध मत दिल्याने त्याचे नाव देशभर झाले, आणि १६४१ मध्ये पार्लमेंटने हा कर बेकायदा ठरवला.

१६४२ मध्ये राजा ज्या पाच सभासदांना पकडण्यासाठी सैनिक घेऊन सभागृहात आला, त्यांत हॅम्पडेन होता. त्याच वर्षी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. पुढच्या वर्षी १८ जूनला पार्लमेंटच्या बाजूने लढताना चाल्ग्रोव्हच्या चकमकीत तो जखमी झाला आणि सहा दिवसांनी थेम येथे वारला. मला मात्र याहून मोलाची वाटली ती लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत असलेल्या सर जॉन एलियट या मित्राला त्याने लिहिलेली पत्रे, ज्यांत तो मित्राच्या मुलांच्या शिक्षणाची आस्थेने काळजी वाहतो. ती पाने, सुदैवाने, या प्रतीत स्वच्छ राहिली आहेत.

याच लढ्यातील जॉन पिमचे चरित्र मिळाल्यास कळवावे, असे मी दुकानदारांना सांगून आलो आहे. त्यांनी आगाऊ रक्कम घेतली नाही. वहीत फक्त नाव लिहून घेतले.