गहू-ज्वारीवरील मावा: फवारायची बुरशी की आपोआप येणारी?

पुणे जिल्ह्यात रब्बी ज्वारीची पाने मधासारख्या चिकट स्रावाने चकाकू लागली की शेतकरी ‘चिकटा पडला’ म्हणतात. तो स्राव मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीचा असतो.

माव्याला मारणाऱ्या बुरशींपैकी व्हर्टिसिलियम लेकॅनी कृत्रिम माध्यमावर सहज वाढते, म्हणूनच ती कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते. तिचे बीजाणू चिकट असल्याने वाऱ्यावर फारसे उडत नाहीत. ते पावसाच्या थेंबांनी आणि कीटकांच्या स्पर्शाने पसरतात, त्यामुळे द्रावण पानाच्या खालच्या बाजूला, माव्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे.

पॅन्डोरा निओॲफिडिस ही दुसरी बुरशी मात्र विकत मिळत नाही, कारण तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन कठीण आहे. युरोपातील गव्हावर ती थंड, दमट हवेत आपोआप साथ पसरवते. मेलेला मावा बारीक तंतूंनी पानाला घट्ट चिकटून राहतो आणि त्याच्या अंगातून बीजाणू जोराने बाहेर फेकले जातात. हे मला फार विलक्षण वाटते.

आपल्या कोरड्या रब्बीत मी पहिलीवरच भर देईन, पण फवारणी संध्याकाळीच करावी, म्हणजे रात्रीच्या दवाचा ओलावा तिला मिळतो, आणि बुरशीनाशक त्यात मिसळू नये.