प्रजनन-आरोग्य रजा : आमच्या कंपनीतील सुविधेचे वर्षभरानंतरचे परीक्षण

पुण्यातील ज्या कंपनीत मी नोकरी करते, तिने गेल्या वर्षी प्रजनन-आरोग्यासाठी वर्षाला १२ दिवसांची भरपगारी रजा सुरू केली. अशा रजेचा कायदा व्हावा का, हा प्रश्न देशात पुन्हा पुन्हा पुढे येत असल्यामुळे ती वापरल्याचा अनुभव येथे नोंदवत आहे.

या सुविधेची मोठी जमेची बाजू तिची व्याप्ती आहे. पाळीच्या वेदना, एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा वेदनादायी आजार), गर्भपात, नसबंदी आणि आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भधारणा घडवण्याचा उपचार) हे सारे तिच्यात येते आणि एका दिवसाच्या रजेसाठी डॉक्टरांचा दाखला लागत नाही. मी ती मुख्यतः आयव्हीएफसाठी घेतली. इंजेक्शने सुरू झाली की दहा-बारा दिवस थोड्या थोड्या अंतराने सोनोग्राफीला जावे लागते, पुढची तारीख स्त्रीबीजांची वाढ पाहूनच ठरते आणि ती काढण्याच्या दिवशी भूल देतात. त्यामुळे आधी मंजुरी घ्यावी लागणारी नेहमीची रजा अशा वेळी उपयोगी पडत नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि स्त्री-नसबंदीनंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, परंतु मूल व्हावे म्हणून घेतल्या जाणाऱ्या उपचारांसाठी अशी तरतूद केली नव्हती. माझ्यापुरती ती उणीव या रजेने भरून काढली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

मात्र अर्ज करताना कारण निवडावे लागते आणि ते टीम लीडला दिसते. ‘वंध्यत्व उपचार’ हा पर्याय निवडताना मला फार अवघडल्यासारखे झाले. दुसऱ्या खेपेस मी आजारपणाची रजा टाकली.

याहून गंभीर त्रुटी अशी की कंत्राटदाराकडून येणाऱ्या सफाईच्या मावशींना ही रजा मिळत नाही. त्यांनी सुट्टी घेतली की त्या दिवसाचा पगार कापला जातो. बीडच्या ऊसतोड महिलांची गर्भाशये काढण्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा पाळीत काम बुडाल्यास होणाऱ्या गैरहजेरीच्या दंडाला, म्हणजे ‘खाड्या’ला घाबरून शस्त्रक्रिया करून घेतल्याचे त्यांतील अनेकींनी सांगितले होते. रजेची सर्वाधिक गरज असलेल्या बायका कंपनीच्या मर्जीवरच्या सुविधेबाहेर राहतात, म्हणूनच मला कायदा हवा आहे.

तेव्हाचे लोकसभा खासदार निनाँग एरिंग यांनी २०१७ मध्ये पाळीच्या रजेचे खासगी (सरकारचे नसलेले) विधेयक मांडले, ते मंजूर झाले नाही. कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये महिन्याला एक दिवस भरपगारी रजेचे धोरण खासगी क्षेत्रासाठीही स्वीकारले, पण ते पाळीपुरतेच आहे. रजा सक्तीची केल्यास मालक स्त्रियांना कामावर घेणे टाळतील, अशी चिंता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये व्यक्त केली होती. ती मला खरी वाटते. तिच्यावरचा मार्ग मात्र आपल्याकडेच आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रसूतिकाळातील पगाराची भरपाई मालकाऐवजी विमा निधीतून होते. या रजेचा खर्चही तसाच वाटून घेता येईल.

माझे गुण पाचपैकी साडेतीन. कारणाचा रकाना टीम लीडला दिसू नये, ही विनंती मनुष्यबळ विभागाने मान्य केली आहे. मावशींबद्दल लिहिलेल्या पत्राचे उत्तर अजून आलेले नाही.