मॉक पोल ते १७-सी : बूथवरच्या पडताळणीचं परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात महाराष्ट्र एकीकरण समितीचा, काँग्रेसचा आणि भाजपचा एजंट बूथवर शेजारी शेजारी बसतो. सीमाप्रश्नावर त्यांचं जमणार नाही. पण या बूथवर किती मतं पडली, या एका आकड्यावर तिघांचं एकमत व्हावं अशी व्यवस्था निवडणूक आयोगाने करून ठेवली आहे. ती कितपत चांगली आहे, ते पाहू.

मॉक पोल, म्हणजे खऱ्या मतदानाआधीचं चाचणी मतदान, हा तिचा सर्वांत भक्कम भाग. मतदान सकाळी ७ ला असेल तर मॉक पोल ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला. किमान ५० मतं टाकायची, नोटासह प्रत्येक उमेदवाराला. मग कंट्रोल युनिटवरचा (मतं साठवणाऱ्या यंत्रावरचा) निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेलं मत कागदावर छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवायच्या. ज्याला शंका आहे त्यानेच बटण दाबायचं असल्यामुळे वाद जागच्या जागी मिटतो. घोटाळा होतो तो पुढे. शेवटी क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं याच क्रमाने दाबायची असतात. त्यातलं मतं पुसणारं क्लिअर राहिलं, तर चाचणीची मतं खऱ्या मतांत मिसळतात आणि मोजणीला ते यंत्र बाजूला ठेवावं लागतं. विजयाचं अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांपेक्षा जास्त नसेल, तरच त्यांच्या चिठ्ठ्या मोजतात. म्हणून स्क्रीनवर शून्य आणि व्हीव्हीपॅटचा डबा रिकामा, हे दोन्ही डोळ्यांनी पाहावं. मगच हिरव्या कागदी सीलवर सही करावी आणि सीलचा नंबर वहीत उतरवावा. एजंट आले नाहीत तर केंद्राध्यक्ष १५ मिनिटं थांबतात आणि काम सुरू करतात. उशिरा येणाऱ्यासाठी मॉक पोल पुन्हा होत नाही.

दुसरी मोलाची गोष्ट नमुना १७-सी, म्हणजे बूथवर नोंदलेल्या मतांचा लेखी हिशेब. मतदान संपल्यावर या हिशेबाची खरी प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटला देणं केंद्राध्यक्षांवर बंधनकारक आहे. ती मागायला संकोच कशाला? पडताळा सोपा आहे : १७-ए नोंदवहीतली (मतदानाला आलेल्यांच्या वहीतली) एकूण नोंद, त्यातून मत न देता परतलेले आणि मत नाकारलेले मतदार वजा केले की यंत्रावरचा टोटल यायला हवा. यंत्रांचे आणि सीलचे नंबर कोरे सोडलेली प्रत घेऊ नये, कारण मोजणीच्या टेबलावर तेच नंबर लागतात. नमुना कानडीत असेल तर कानडी वाचणारा एजंट बसवावा.

कमजोरी कागदात नाही, वापरात आहे. प्रती प्रत्येक पक्षाच्या फायलीत वेगवेगळ्या पडून राहतात. बूथ सोडण्यापूर्वी तिघांनी आकडा मोठ्याने वाचून एकमेकांच्या प्रतीशी ताडला, तर पुढच्या अफवेला जागा उरत नाही. २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत ८ विधानसभा मतदारसंघ मिळून फरक सुमारे ५ हजार मतांचा होता. इतक्या अटीतटीत एका बूथचा चुकलेला आकडाही संशयाला पुरतो.

तक्रारीची सोय मात्र निराशाजनक. चिठ्ठी खिडकीत ७ सेकंद दिसते. ती चुकीची निघाली असं म्हणणाऱ्याला आधी लेखी प्रतिज्ञा द्यावी लागते, मग सर्वांसमोर चाचणी मत. तक्रार खोटी ठरली तर शिक्षा. इतकं ऐकल्यावर साधा मतदार गप्प बसतो. हा नियम बदलायची मागणी सगळ्या पक्षांनी मिळून करायला हवी.

मतदारयादीचं काम यापेक्षाही आधीचं. मराठी नाव कानडीत, मग इंग्रजीत जाताना अक्षरं बदलतात, त्यामुळे पोर्टलवर नावाऐवजी ओळखपत्राच्या नंबराने शोधावं. दुरुस्तीला नमुना ८, नाव वगळण्याच्या हरकतीला नमुना ७. पक्षाचा बूथ लेव्हल एजंट दिवसाला १० पर्यंत अर्ज बीएलओकडे (बूथची मतदारयादी सांभाळणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याकडे) देऊ शकतो. नमुना ७ चे अर्ज तरी तिन्ही पक्षांच्या एजंटांनी बीएलओबरोबर घरोघरी फिरून तपासावेत. गल्लीतल्या माणसांना मयत कोण आणि पुण्याला कामाला गेलेला कोण, हे पक्कं माहीत असतं.